पहिली टेस्ट तिची झाली म्हणून

ही केस लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. मी काउन्सेलर आहे, लैंगिक आजारांच्या क्लिनिकमधे बसते, आणि आमच्याकडे आलेलं माणूस ओळखू येईल असं काही लिहायचं नाही हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. म्हणून इथे नाव नाही, गाव नाही, काही तपशील बदललेत, एकदोन गोष्टी दुसऱ्या जोडप्यांच्या आहेत ज्या मी यात मिसळल्यात. पण घडतं ते असंच घडतं, जवळजवळ याच क्रमाने, आणि तो क्रमच मला सांगायचाय.

ती आली तेव्हा गरोदरपणाचा चौदावा आठवडा चालू होता. सोबत आई होती, नवरा नव्हता. पर्समधून तिने रिपोर्ट काढला, इतक्या वेळा उघडून परत घडी घातलेला की घडीवरची अक्षरं पुसट झाली होती, आणि माझ्यासमोर ठेवताना 'रिअ‍ॅक्टिव्ह' या शब्दावर तिचा अंगठा होता. तो तिने उचललाच नाही. मीच म्हटलं, राहू दे, मला बाकीचं वाचता येतंय.

व्हीडीआरएल, सिफिलिससाठी करतात ती रक्ताची पहिली टेस्ट, रिअ‍ॅक्टिव्ह, १:३२. म्हणजे रक्तातलं पाणी बत्तीस पट पातळ केलं तरी टेस्ट पॉझिटिव्ह येतेय. ही टेस्ट कधीकधी उगाचच पॉझिटिव्ह येते, गरोदरपणात येते, ल्युपससारख्या आजारात येते, पण अशा वेळी आकडा सहसा छोटा असतो, आणि म्हणूनच खात्रीसाठी दुसरी टेस्ट करतात, टीपीएचए. तीही पॉझिटिव्ह होती. सिफिलिस. मराठीत उपदंश, जुनी माणसं गरमी म्हणतात.

आता या दोन रिपोर्टांच्या मधे तीन दिवस गेले होते आणि खरं नुकसान त्या तीन दिवसांत झालं. पहिला रिपोर्ट तिला जिथे दिला गेला (आमच्याकडे नाही, दुसरीकडे) तिथे पॅसेजमधे, चार माणसं बसलेली असताना, मोठ्याने सांगितलं गेलं की लैंगिक आजार निघालाय, नवऱ्याला घेऊन या. सोबत नणंद होती. या दोघी घरी पोचायच्या आधी फोन पोचला होता. दिराने तो शब्द मोबाईलवर शोधून सगळ्यांना वाचून दाखवला होता, आणि सासूबाई दारातच म्हणाल्या, "आमच्या मुलाला तर काही झालेलं नाही, मग हे तू आणलंस कुठून?"

नवरा खुर्चीत बसून होता. काही बोलला नाही. मला हे सांगताना ती दोनदा म्हणाली, "मॅडम, तो काहीच बोलला नाही हो." सासूबाईंच्या वाक्यावर ती रडली नव्हती, पण इथे रडली.

दुसरी टेस्ट व्हायच्या आधीच ती आईकडे निघून आली. म्हणजे आजार पक्का झाला नव्हता पण गुन्हा पक्का झाला होता.

मला यातली जी गोष्ट सगळ्यात जास्त टोचते ती अशी की ती आधी सापडली कारण ती आधी तपासली गेली, बस. पोटात बाळ आहे म्हणून बाईचं रक्त तपासतात, व्हीडीआरएल, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सगळं. नवऱ्याचं कोणी तपासत नाही. तो धडधाकट आहे, कामावर जातो, त्याला डॉक्टरकडे जायचं कारणच नाही, त्यामुळे त्याच्या अंगात चार वर्षं एखादी गोष्ट असली तरी त्याचा कागद बनत नाही. आणि घरात ज्याचा कागद असतो त्याच्यावर ठपका. मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता बाई एकटी आली की मी पहिलं हेच विचारते, तुमची टेस्ट झाली, त्यांची झाली का? बहुतेक वेळा उत्तर येतं, त्यांना काही त्रास नाहीये.

त्रास नाहीये, याचा सिफिलिसमधे काही अर्थ नसतो. संसर्ग झाला की साधारण तीन आठवड्यांनी, कधी ९ दिवसांनी तर कधी ९० दिवसांनी, एक फोड किंवा व्रण येतो, तो दुखत नाही, आणि तीन ते सहा आठवड्यांत औषध न घेताच भरून येतो. माणसाला वाटतं गेलं. बाईच्या बाबतीत तो योनीच्या आत किंवा गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर दिसतच नाही, तिला कळायला काही मार्गच नसतो. मग काही आठवड्यांनी अंगावर पुरळ, तळहातावर तळपायावरसुद्धा, बऱ्याचदा खाज नसते, तेही आपोआप जातं. त्यानंतर शांतता. वर्षानुवर्षं. बाहेरून काही दिसत नाही आणि आत जंतू असतात. पहिली एकदोन वर्षं जोडीदाराला लागण होण्याचा धोका जास्त, पुढे तो कमी होत जातो, पण आईकडून बाळाला आजार मात्र त्यानंतरही जाऊ शकतो.

तिने मला खूप हळू आवाजात विचारलं, "माझ्यासारख्या अजून असतात का?" मी तिला जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सांगितला, २०२२ या एका वर्षात १५ ते ४९ वयातल्या ८० लाख लोकांना नव्याने सिफिलिस झाला. आकड्याने कोणाचं दुःख कमी होत नाही हे मला माहितीये, पण तिचा चेहरा जरा सैल झाला, कारण तोवर तिला वाटत होतं की असं फक्त तिलाच झालंय.

उपचार तसा साधा आहे. बेन्झाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, कमरेखाली दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं. आजार नवा असेल तर एकदाच पुरतं. केव्हा झालाय ते माहीत नसेल तर दर आठवड्याला एक असे तीन. गरोदर बाईला दुसरं औषध चालत नाही, पेनिसिलिनच लागतं, कारण बाळावर उपचार होतात याची खात्री त्याचीच आहे, आणि अ‍ॅलर्जी असेल तर दवाखान्यात ठेवून हळूहळू सवय लावून तेच देतात. तिला अ‍ॅलर्जी नव्हती. पण त्या इंजेक्शनचं औषध दाट असतं, जाम दुखतं, ती नंतर अर्धा तास ऑब्झर्व्हेशनला बाकाच्या कडेवर बसून होती आणि तिची आई तिची पाठ चोळत होती.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की पहिल्या डोसनंतर ताप थंडी येऊ शकते, जंतू एकदम मरतात त्याची रिअ‍ॅक्शन असते, एका दिवसात जाते, पण पोटात कळा आल्या किंवा रक्त दिसलं तर लगेच यायचं. रात्री दोनला तिच्या आईचा फोन आला, ताप १०१, अंग थरथरतंय. कळा नव्हत्या, रक्त नव्हतं. आम्ही बोलत राहिलो. सकाळी ताप उतरला. त्या रात्री नवऱ्याला कोणी कळवलं नाही, आणि हे मला नंतर त्यानेच सांगितलं, की त्याला या गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटली.

दुसरा डोस जवळजवळ चुकलाच होता. मधल्या दिवसांत सासरकडून दोन मोठी माणसं बोलणी करायला आली होती, घरात इतका ताण की ही म्हणाली मला कुठेच जायचं नाही. गरोदरपणात दोन डोसमधलं अंतर सात दिवसांचंच ठेवायचा आग्रह असतो, जास्त लांबलं तर परत पहिल्यापासून. मी फोनवर एवढंच म्हटलं, बोलणी उद्याही होतील, इंजेक्शन आजच आहे. ती आली. मला वाटतं अशा घरांमधे सगळ्यात आधी हेच हातातून निसटतं. कोणाकडून आलं यावर तीन आठवडे भांडण चालतं आणि तेवढ्या दिवसांत पोटातल्या बाळाला कोणी विचारत नाही. उपचार न केलेल्या सिफिलिसमधे निम्म्याहून जास्त गरोदरपणांत काहीतरी वाईट होतं, गर्भ जातो, बाळ मेलेलं जन्मतं, वेळेआधी जन्मतं, किंवा आजार घेऊन जन्मतं. आणि बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी उपचार सुरू झाले तरच बाळासाठी ते पुरेसे धरतात. चौदाव्या आठवड्यात सापडणं हे खरं तर तिचं नशीब होतं, पण घरात कोणाला तसं वाटत नव्हतं.

नवरा आला तो तिच्या दुसऱ्या डोसनंतर. एकटा आला. टेस्ट करायला नाही, एक प्रश्न घेऊन. बराच वेळ पाण्याची बाटली हातात फिरवत बसला आणि मग म्हणाला, "बाळ माझंच आहे का, हे या रिपोर्टवरून कळतं का?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण राग दाखवून त्याला घालवला असता तर तो परत आला नसता आणि तिचा उपचार अर्धा राहिला असता, कारण त्याचे उपचार न होता ते परत एकत्र राहिले की तिला पुन्हा लागण होऊ शकते, ही गोष्ट लग्नात फार महत्त्वाची आहे, एकट्यावर उपचार म्हणजे उपचार नव्हेतच. मी त्याला सांगितलं, नाही, कळत नाही. या रिपोर्टवरून कधी झालं तेही कळत नाही आणि कोणाकडून झालं तेही नाही. एवढंच कळतं की आजार आहे. मग मी त्याला नेहमीचे प्रश्न विचारले. कधी फोड आला होता का, न दुखणारा? अंगावर डाग?

तो गप्प. ती गप्प बसण्याची पद्धत मी ओळखते.

लग्नाच्या दोनेक महिने आधी आला होता. एकच. मेडिकलमधून मलम आणून लावलं, महिन्याभरात गेला. आणि लग्नानंतर थोड्या दिवसांनी छातीवर आणि हातावर डाग आले होते, तेही गेले. लग्न ठरल्यानंतर, लग्नाच्या आधी, एकदा एका ओळखीच्या बाईशी संबंध आला होता. एकदाच. "एकदाच मॅडम," असं तो तीनचार वेळा म्हणाला.

त्याचं रक्त घेतलं. व्हीडीआरएल १:८, टीपीएचए पॉझिटिव्ह. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोघांचंही निगेटिव्ह. आणि बघा, आकडा बघून त्याचा पहिला शब्द काय, "माझा आठ आणि तिचा बत्तीस, म्हणजे तिला आधी झालं ना?" नाही. औषध घेतलं नाही तरी वर्षं जातील तसा हा आकडा आपला आपण खाली येऊ शकतो, त्यामुळे जास्तवाला आधीचा असा हिशोब लागतच नाही. आकडा उपचार लागू पडतायत का ते बघायला असतो. त्याला हे पटायला वेळ लागला, पण पटलं, आणि पटलं तेव्हा तो एकदम खाली वाकून बसला, कोपर गुडघ्यांवर.

इथे एक सांगायलाच हवं, कारण हे वाचून कोणीतरी आपल्या घरातला हिशोब लावेल. प्रत्येक वेळी नवऱ्याकडूनच आलेलं असतं असं नाही, आणि प्रत्येक वेळी लग्नाबाहेरचं काही घडलेलं असतं असंही नाही. हर्पीसचा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि लग्नाच्या दहाव्या वर्षी पहिल्यांदा फोड येऊ शकतात. एचपीव्ही नावाच्या विषाणूचंही तसंच. क्लॅमिडिया या लैंगिक आजाराची बहुतेक बायकांना काहीच लक्षणं नसतात, आणि मग मूल होत नाही म्हणून तपासण्या करताना नळ्या बंद सापडतात तेव्हा मागचं कळतं. संसर्ग केव्हाचा हे सांगणारी तारीख रिपोर्टवर नसते. या केसमधे नवऱ्याला आठवलं आणि त्याने कबूल केलं म्हणून आम्हाला अंदाज बांधता आला.

तिला हे मी सांगणार नव्हते. ते त्यालाच सांगायचं होतं. मी फक्त खोली दिली आणि बसून राहिले.

त्याने सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. ती म्हणाली, "ते डाग. मी तुला साबण बदलून दिला होता." तिला आठवत होतं, लग्नाला महिना झाला होता, हे डाग तिनेच आधी पाहिले होते, त्याच्या तळहातावर बोट फिरवून विचारलं होतं खाजतंय का, तो नाही म्हणाला, आणि तिने नवा साबण आणला होता. तो साबण कोणत्या रंगाचा होता हेही तिने सांगितलं. मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

आणि मग तिने विचारलं ते त्या बाईबद्दल नव्हतं. तिने विचारलं, "मग आधीच्या बाळाचं?"

दोन वर्षांपूर्वी तिचं एक बाळ सहाव्या महिन्यात गेलं होतं. फाईलमधे एका ओळीत लिहिलेलं होतं, मी वाचलं होतं, आणि मला भीती होती की हा प्रश्न येणार. त्या वेळच्या तिच्याकडच्या कागदांत व्हीडीआरएल कुठे दिसलं नाही, केलं नव्हतं की रिपोर्ट आणायचा राहिला तेही कोणाला सांगता येईना. तेव्हा घरात सगळे म्हणाले होते हिने वजन उचललं, जिने चढली, ऐकत नाही. दोन वर्षं ती हे मनात धरून होती की आपण जिने चढलो.

डॉक्टरांनी तिला खरं तेच सांगितलं. सहाव्या महिन्यात बाळ जाण्यामागे सिफिलिस असू शकतो, हा आजार असं करतो, पण तेव्हा तपासणी झाली नाही म्हणून आज छातीठोक सांगता येणार नाही. आणि जिने चढल्यामुळे बाळ गेलं असं मानायला काही आधार नाही. ती म्हणाली, हे दुसरं वाक्य परत सांगा. डॉक्टरांनी परत सांगितलं. नवरा भिंतीकडे बघून रडत होता आणि तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढचे महिने सरळ नव्हते. तिघं चौघं जोडपी या जागेवर तुटलेली मी पाहिलीत आणि मला त्यातलं कोणी चूक वाटत नाही. हिने तेव्हा एवढंच ठरवलं की बाळ होईपर्यंत ठरवायचं नाही. त्याचे तीन डोस झाले. औषधावर शंका होती त्याला, एवढं जुनं इंजेक्शन, याने बरं होणार? १९४३ पासून पेनिसिलिनच सिफिलिसवर वापरतायत आणि या जंतूवर ते आजही चालतं, हे ऐकून तो गप्प झाला. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध नाही, हे आम्ही सांगितलं होतं, ती म्हणाली त्यानंतरही नाही, मला जेव्हा वाटेल तेव्हा, आणि तो हो म्हणाला. मी त्याला वेगळं बसवून विचारलं की हे खरंच जमेल ना, कारण अशा वेळी बाईच्या नाहीला घरात मान राहत नाही. तो म्हणाला, मी मागतच नाहीये मॅडम, मी बाहेरच्या खोलीत झोपतो.

आईकडून परत जायला तिची एकच अट होती. सासूबाईंना त्याने सांगायचं. स्वतः, हिच्यासमोर. मी मधे पडणार नव्हते, सासूबाई एकदा माझ्याकडे येऊन गेल्या होत्या, "नक्की काय झालंय तिला, आम्हाला कळायला नको का?" मी हात जोडून सांगितलं, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, त्या दोघांना विचारा. त्या रागावून गेल्या. त्याला पाच आठवडे लागले. पाच आठवडे तो म्हणत होता उद्या सांगतो, आणि ती फोनवर म्हणायची ठीक आहे, मग मी उद्या येते.

शेवटी सांगितलं. "आई, हा आजार माझ्याकडून तिला गेलाय, लग्नाआधीचा आहे, तिच्यावर ठेवू नकोस." सासूबाई काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. माफी वगैरे मागितली नाही, निदान मला कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी हिच्या नणंदेला फोन करून सांगितलं की तू बाहेर कुठे बोलली असशील तर तिथे जाऊन ते मागे घे. हिला हे बरं वाटलं. मला विचाराल तर कमी वाटलं, पण मला विचारायचा तो विषय नाही.

बाळ अडतिसाव्या आठवड्यात झालं. मुलगी. बाळंतपणाच्या वेळी आईचा आकडा १:८ वर आला होता, म्हणजे चार पट खाली, उपचार लागू पडलेत असं यालाच म्हणतात. मुलीचा १:२. आईच्या अँटिबॉडी नाळेतून बाळात येतात त्यामुळे बाळाची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहे असं लगेच नसतं, आईच्या आकड्याशी ताडून बघतात, तपासणी करतात. तपासणीत काही निघालं नाही. खबरदारी म्हणून तिला एक इंजेक्शन दिलं. तिसऱ्या महिन्यात १:१, सहाव्या महिन्यात निगेटिव्ह. त्या दिवशी रिपोर्ट नवऱ्याने आणला होता, प्लास्टिकच्या कव्हरमधे, घडी न घालता.

आता ते एका घरात आहेत. एका खोलीत आहेत का ते मी विचारलं नाही.

शेवटच्या भेटीत तिने विचारलं, हे आता रक्तातून पूर्ण गेलं का. मी सांगितलं की आजार बरा झालाय, पण टीपीएचए बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. ती थोडा वेळ विचार करत होती. "म्हणजे पुढच्या वेळी दिवस राहिले, नवीन दवाखाना असला, तर परत कोणीतरी पॅसेजमधे माझं नाव घेऊन ओरडणार."

मी म्हटलं उपचारांचं पत्र देते, तारखा, डोस, आकडे सगळं, ते सोबत ठेवायचं. मी लिहायला लागले, तिचं नाव, तीन इंजेक्शनांच्या तीन तारखा, खाली सही करणार तेवढ्यात ती म्हणाली, थांबा, त्याच्या पण लिहा. त्याचं पत्र मी वेगळं देणार होते, नियमाने प्रत्येकाचं वेगळंच देतो आम्ही. ती म्हणाली, नाही, एकाच कागदावर. मी त्याच्याकडे पाहिलं, पत्रावर त्याचं नाव घालायला त्याची परवानगी लागते. मुलगी त्याच्या खांद्यावर झोपली होती. त्याने मान हलवली आणि स्वतःच्या तारखा सांगितल्या, तिन्ही, मोबाईल न बघता.